'आमची केट'ची लेक

सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही हातांनी मातीची जड बरणी सांभाळत गुत्त्याच्या वाटेनं चालली आहे. या बरणीला त्या भागात 'ग्रे हेन' म्हणजे करडी कोंबडी म्हणतात. बिअर भरून घेऊन घरी यायचं, हे तिचं नेहमीचं काम. पैसे संपले की बरणीऐवजी हातात कपड्यांचं बोचकं यायचं आणि वाट गहाणाच्या दुकानाकडे वळायची. बरणी जड होतीच; पण वाटेत दारात उभ्या असलेल्या बायकांच्या नजरा तिला जास्त जड वाटत.

ही मुलगी कॅथरीन कुकसन. पुढे तिनं शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली, त्यांच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि त्यातल्या बहुतेक कथा याच गल्ल्यांमध्ये घडल्या.

धक्क्याकाठचं बालपण

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदी समुद्राला मिळते. मुखाशी साउथ शील्ड्स, थोडं आत जॅरो आणि या दोन गावांच्या मधे टाइन डॉक. डरहॅमच्या खाणींतला कोळसा रेल्वेनं इथे यायचा आणि जहाजांवर चढायचा. धक्क्यावर काम असेल त्या दिवशी चूल पेटायची, नसेल तर उधारी. याच टाइन डॉकमध्ये २० जून १९०६ रोजी कॅथरीनचा जन्म झाला. तिची आई केट फॉसेट अविवाहित होती. जन्मनोंदणीत वडिलांचं नाव लागलं, पण वडील कधी घरी आले नाहीत.

घराण्याची अब्रू राखायला एक युक्ती योजली गेली. आजी आणि सावत्र आजोबा हेच आईबाप म्हणून पुढे झाले आणि केट झाली थोरली बहीण. टाइनकाठच्या बोलीत घरच्या माणसाच्या नावाआधी 'अवर' लावतात, आपण 'आमची शांता' म्हणतो तसं. म्हणून कॅथरीन आपल्या आईला 'अवर केट' म्हणू लागली. खरं काय ते तिला कळलं गल्लीतल्या पोरांच्या तोंडून. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती नटूनथटून गेली, तर तिला बाप नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. हा बंद दरवाजा तिच्या लिखाणात पुढे या ना त्या रूपात येतच राहिला.

अकराव्या वर्षी तिनं एक गोष्ट लिहिली आणि स्थानिक वर्तमानपत्राला पाठवली. ती साभार परत आली. शाळा लवकर सुटली. मोलकरणीचं काम, मग साउथ शील्ड्सच्या वर्कहाऊसच्या धुलाईखान्यात नोकरी. निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारी ती संस्था. तिथे असताना एका कादंबरीत तिला लॉर्ड चेस्टरफील्डनं मुलाला लिहिलेल्या पत्रांचा उल्लेख सापडला. ते पुस्तक तिनं सार्वजनिक वाचनालयातून आणलं. अठराव्या शतकातल्या एका उमरावानं आपल्या मुलाला केलेला उपदेश कपडे मोजणाऱ्या मुलीनं अधाशासारखा वाचला. तेच तिचं विद्यापीठ ठरलं.

दूर गेल्यावर दिसलेलं गाव

१९२९ मध्ये तिनं टाइनकाठ सोडला. आधी एसेक्स आणि मग दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज. इथेही वर्कहाऊसचाच धुलाईखाना, पण आता ती तिथली मुख्य होती. पै-पै साठवून तिनं एक मोठं जुनं घर घेतलं आणि भाडेकरू ठेवले. त्यातच आला टॉम कुकसन हा गणिताचा शिक्षक. १९४० मध्ये दोघांचं लग्न झालं.

यापुढची वर्षं फार कठीण गेली. चार वेळा दिवस राहिले आणि चारही वेळा मूल हाती लागलं नाही. त्यातच रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार. नाकातून वारंवार रक्त जाई, अशक्तपणा पाठ सोडत नसे. अखेर मन कोसळलं आणि तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यातून वर येण्यासाठी तिनं लेखणी धरली. आरंभी ती उच्चकुलीन लोकांच्या गोष्टी रचू पाहत होती, पण त्यांत जीव येईना. मग जे आजवर लपवलं होतं, तेच तिनं कागदावर आणलं. १९५० मध्ये पहिली कादंबरी निघाली, 'केट हॅनिगन'. नायिकेला नाव दिलं ते आईचं.

माझ्या मते कुकसनच्या सगळ्या लेखनाचं मर्म इथे आहे. प्रादेशिक कादंबरी म्हटलं की आपल्याला नद्या, डोंगर, बोलीभाषा आठवते. कुकसनच्या कादंबऱ्यांत बोली आहे, धुरानं काळवंडलेल्या भिंती आहेत. पण तिचा प्रदेश खऱ्या अर्थानं उभा राहतो तो लाजेच्या उतरंडीतून. कुठल्या गल्लीतली माणसं वरची, कुणाच्या खिडकीला पडदा आहे, कॅथलिकांच्या घरात प्रॉटेस्टंट सून चालेल का, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. १९५२ च्या 'द फिफ्टीन स्ट्रीट्स'मध्ये धक्क्यावरचा मजूर आणि सुखवस्तू घरातली शिक्षिका यांच्या मधे उभी राहते ती हीच उतरंड.

ऐकीव माहितीवर ती विसंबत नसे. 'मॅगी रोवन'साठी ती स्वतः कोळशाच्या खाणीत उतरली. पुढे हात दुखू लागले, तेव्हा ती टेपरेकॉर्डरवर बोलून कादंबऱ्या सांगू लागली. म्हातारा, पोर, भांडकुदळ शेजारीण, प्रत्येकाचा आवाज ती स्वतः काढी. मजकुराचं व्याकरण टॉम तपासे. १९६८ च्या 'द राउंड टॉवर'ला प्रादेशिक कादंबरीसाठीचं विनिफ्रेड होल्टबी पारितोषिक मिळालं.

सिनेमावाल्यांना मात्र हा प्रदेश सुरुवातीला पटला नाही. तिच्या दोन कादंबऱ्यांवर १९५६ आणि १९५८ मध्ये चित्रपट आले, तेव्हा एक कथा बेलफास्टला नेली, दुसरी डब्लिनला. टाइनकाठची माणसं टाइनकाठीच पडद्यावर दिसायला दूरचित्रवाणीचा काळ यावा लागला. १९८९ पासून तिच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकांनी घरोघरी प्रेक्षक मिळवले.

वाचनालयाची उतराई

ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला गेलं की लेखकाला अल्पसं मानधन मिळतं. १९७९ मध्ये तसा कायदाच झाला. त्यासाठी कुणाची पुस्तकं किती जातात, याची नोंद ठेवली जाते. त्या नोंदींत सुमारे सतरा वर्षं कॅथरीन कुकसन पहिली होती. समीक्षकांनी तिला 'बायकांची लेखिका' म्हणून बाजूला ठेवलं. तिच्या कथानकांत योगायोग फार, साचा ओळखीचा, हे खरंच आहे. पण बाजाराची पिशवी हातात घेऊन वाचनालयात येणाऱ्या बाईला आपल्या आजीचं आयुष्य या पानांत सापडत होतं, हेही तितकंच खरं. वाचनालयाच्या एका पुस्तकानं जिला उभं केलं, तिनं ते ऋण असं फेडलं. रक्तविकारांवरच्या संशोधनासाठी न्यूकॅसल विद्यापीठालाही तिनं मोठी देणगी दिली.

आत्मचरित्र लिहिताना मात्र तिचा हात अडखळत राहिला. त्याचे खर्डे तिनं पुन:पुन्हा केले. ज्या आईनं पिऊन घर उधळलं, तिला अखेरच्या आजारपणात कॅथरीननं हेस्टिंग्जला आपल्याजवळ आणलं होतं. १९५६ मध्ये आई गेली. पुस्तक आलं १९६९ मध्ये आणि त्याचं नाव होतं 'अवर केट'. लाज झाकण्यासाठी शिकवलेली ती हाक तिनं सगळ्या जगासमोर छापली.

१९७६ मध्ये ती ईशान्येला परतली. १९९३ मध्ये डेम हा किताब मिळाला. ११ जून १९९८ ला, ब्याण्णव पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले असताना, ती गेली आणि सतरा दिवसांनी टॉमही गेला. तिच्या बालपणीची घरं केव्हाच पाडली गेली होती. पण ज्या गावानं तिला एकदा दारातून परत पाठवलं होतं, त्याच गावानं ती हयात असतानाच आपल्या परिसराला 'कॅथरीन कुकसनचा प्रदेश' म्हणून मिरवायला सुरुवात केली होती. केटच्या लेकीलाही अखेर गावानं 'आमची' म्हटलं.