राजाने मागे पाहिले

शिरपूरची कथा सांगणारा माणूस एका जागी हमखास थांबतो. एलिचपूरच्या एल राजाला त्वचारोग जडलेला, तळ्याच्या पाण्याने तो बरा होतो, त्याच तळ्यात पार्श्वनाथांची मूर्ती असल्याचा दृष्टान्त होतो. मूर्ती गाडीत ठेवून न्यायला परवानगी मिळते, अट एकच : वाटेत मागे वळून पाहायचे नाही. इथे सांगणारा थांबतो, कारण ऐकणाऱ्या पोरांना पुढचे आधीच कळलेले असते. राजा वळतो. गाडी पुढे जाते आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहते.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले हे शिरपूर जैन. भुयारातल्या त्या काळ्या मूर्तीला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त इथली आख्यायिका नोंदवली आहे : पूर्वी डोक्यावर घडा घेतलेली बाई मूर्तीखालून जाऊ शकत असे. काही कथांत बाईच्या जागी घोडेस्वार येतो. आज भाविक सांगतात ते एवढेच, की खालून कापड सरकवता येते.

श्वेतांबर आणि दिगंबर पंथांतला इथला वादही बराचसा पाहण्याचाच आहे. मूर्तीला चक्षू आणि आभूषणे असावीत की नसावीत, लेप कसा असावा, पूजा कोणी कोणत्या वेळी करावी. 1905 मध्ये दोघांत पूजेचे वेळापत्रक ठरले, तरी प्रकरण कोर्टात गेले आणि 1929 मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागले ते बेचाळीस वर्षे राहिले. तेवढा काळ लोकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि मार्चमध्ये दार उघडले.

मला लिहायचे आहे ते मुलांना आणि घरच्या मंडळींना जादू दाखवून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल. मूर्तीखाली फूटपट्टी घालणे हे माझे काम नाही. पण राजाला घातलेली ती अट माझ्या डोक्यातून जात नाही. ‘इकडे बघू नका’ असे कोणताही जादूगार कधीच म्हणणार नाही. असे म्हटले की मूल तिकडेच बघते आणि राजाही तेच करतो. डोळ्यांना मनाई करून भागत नाही, त्यांना दुसरे काम द्यावे लागते.

मराठीत याला सरळ शब्द आहे, नजरबंदी. सरकार माणसाला घरात अडकवते तेव्हाही हाच शब्द वापरते. फरक इतकाच की गारुड्याच्या नजरबंदीत माणूस आपण होऊन, शक्य तितका पुढे सरकून बसतो.

या कलेवरचा एक जुना अभ्यास तर शाळकरी मुलांवरच झाला. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने 1900 मध्ये तो प्रसिद्ध केला. टेबलामागे बसून चेंडू दोनदा वर फेकायचा आणि झेलायचा, तिसऱ्यांदा नुसता हात उडवायचा आणि चेंडू मांडीत सोडून द्यायचा. जवळपास निम्म्या मुलांनी तिसरा चेंडू वर जाताना आणि हवेत नाहीसा होताना ‘पाहिला’. गुस्ताव कुन आणि मायकेल लँड यांनी 2006 मध्ये हाच प्रयोग डोळ्यांची हालचाल टिपणारी यंत्रे लावून केला. फसलेल्या बहुतेकांची नजर चेंडू जिथे दिसला म्हणून ते सांगत होते तिथे गेलीच नव्हती. ती जादूगाराच्या चेहऱ्यावर होती. जादूगाराने वर पाहिले, म्हणून त्यांना वरचा चेंडू दिसला. म्हणजे डोळे शुद्धीवर होते, फसला तो डोळ्यांचा मालक.

मुलांपुढे हे अवघड जाते, असे काम करणारे सांगतात. मोठा माणूस शिष्टाचाराने का होईना, जादूगाराच्या डोळ्यांत पाहतो. पाच वर्षांचे पोर कोटाच्या बटणाकडे, खोक्याच्या फटीकडे, नाहीतर कबुतराने टेबलावर केलेल्या घाणीकडे टक लावून बसते. म्हणून मुलांचा जादूगार सतत बोलतो, प्रश्न विचारतो, मुद्दाम चुकतो. हातात मोडणारी कांडी, पाठीमागे रंग बदलणारा रुमाल, ‘काका, मागे बघा!’ म्हणून पन्नास पोरांचा गलका. जादूगार वळतो तेव्हा रुमाल पुन्हा पांढरा. इथे मागे न पाहण्याची अट राजावरून जादूगारावर आलेली असते आणि पोरे त्याची रयत न राहता त्याला सावध करणारी होतात. या धंद्यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती हीच, आणि तिला खर्च एका रुमालाचा.

दुसरी आवडती युक्ती न संपणाऱ्या तांब्याची. रिकामा करून ठेवलेला तांब्या कार्यक्रमात अधूनमधून उचलायचा आणि दर खेपेला त्यातून पाणी ओतायचे. जगभरचे जादूगार तिला ‘वॉटर ऑफ इंडिया’ म्हणतात. तांब्यात काय असते ते मी सांगणार नाही, अंगठा कुठे आहे तेवढे बघा. टँकरची वाट पाहिलेल्या वऱ्हाडातल्या पोरांना हा तांब्या कसा दिसत असेल, हा विचार मात्र मनात येतोच.

अधांतरी बसण्याचा खेळही आपल्याकडूनच साता समुद्रापार गेला. 1830 च्या सुमारास मद्रासचा शेषल नावाचा माणूस एका काठीवर हात टेकवून जमिनीपासून वर बसलेला दिसे. चढताना आणि उतरताना त्याच्याभोवती कापड धरत. पुढे 1847 मध्ये पॅरिसमध्ये जादूगार रॉबेर-हूदँने आपल्या धाकट्या मुलाला काठीच्या आधाराने आडवे तरंगत ठेवले. तेव्हा ईथरची नवलाई होती, म्हणून मुलाला ईथर हुंगवल्याचे सोंग त्याने केले. लेकराला गुंगी देतो म्हणून रागाची पत्रे आली! तरंगणे लोकांनी मुकाट पचवले, ईथरवर मात्र हरकत घेतली.

घरगुती जादूचा एक नियम मोठ्या रंगमंचावरच्या एका फजितीतून नीट कळतो. 9 एप्रिल 1956 रोजी जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीवर मुलीला करवतीने कापले, आणि ती उठून बसण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली. मुलगी मेली या समजुतीने लोकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. सरकारांना त्यातून प्रसिद्धी मिळाली. वाढदिवसाच्या घरी मात्र असे करून चालत नाही. तिथे जे कापले ते पोरांच्या देखत जोडावेच लागते, नाहीतर केक कापायच्या आधी रडारड.

मराठीत हा व्यवसाय पिढीजात उभा राहिला तो पुण्यात. चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे (1924–1984) पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात शिकले आणि ‘जादूगार रघुवीर’ झाले. देशोदेशी प्रयोग केले, प्रवासावर ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तेच नाव रंगमंचावर चालवले. आजोबांनी लहानपणी पाहिलेल्या नावाच्या प्रयोगाला नातवाला घेऊन जायचे, असे मराठीत नाटकाखेरीज फारसे कुठे होत नाही.

प्रयोग हा शब्दही पाहा. नाटकाचा प्रयोग, जादूचा प्रयोग, प्रयोगशाळेतला प्रयोग. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांतून जिभेवर कापूर जाळतात, ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटने ‘मंत्राचा’ अग्नी पेटवतात आणि मग कारण सांगतात. सामान जादूगाराचेच, पण तो जिथे थांबतो तिथून यांचे काम सुरू होते. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जो कायदा झाला, त्याला लोक ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतात. ‘जादू’ आणि ‘टोणा’ असे एका दोरीत बांधले गेल्यावर पोटासाठी रुमाल उडवणाऱ्याने आपली ओळख काय सांगावी? बरेच जण सुरुवातीलाच सांगून टाकतात : ही हातचलाखी आहे, मंत्र वगैरे काही नाही. ऐकून पोरांचा हिरमोड होत नाही. फसवणार हे कळल्यावर ती उलट नेटाने बघायला लागतात.

मी तिसरीत असताना आमच्या शाळेत असाच एक जण आला होता. पोरांकडून आठ-आठ आणे गोळा केलेले. त्याने मला पुढे बोलावले, मुठीत रुपया दिला, फुंकर मारायला सांगितली. मूठ उघडली तर रिकामी, रुपया माझ्या कानामागून निघाला. मी घरी जाऊन आईला सांगितले. तिने कंदिलाच्या उजेडात माझा कान मागूनपुढून नीट पाहिला आणि म्हणाली, “धुवत जा जरा.”