आपली कथा, आपल्याच वहीत



आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की कुणीतरी म्हणतंच, "ताई, माझ्या आयुष्यावर कादंबरी होईल बघा." होईलही, पण लिहिली तर! म्हणून आम्ही काही जणींनी ठरवलं, बैठकीनंतर अर्धा तास थांबायचं आणि एकीने आपली कथा वाचायची. त्यातून शिकलो ते आज सांगतो.

पहिलं म्हणजे, सगळं आयुष्य एका कथेत कोंबू नका. लग्नापासून नातवंडांपर्यंत सांगितलं की ती हकीगत होते. एक दिवस घ्या, एक पेच घ्या. मुलीच्या फीचे पैसे डब्यात आहेत, नवऱ्याला ते आजच हवेत आणि फी भरायची उद्या शेवटची तारीख. एवढं पुरे. आता ही बाई काय करते, यासाठी ऐकणारी थांबते.

दुसरं, "ती फार दुःखी होती" असं लिहून मोकळं होऊ नका. दुःखात ती काय करते ते दाखवा. आमच्यातल्या एकीने लिहिलं होतं, की तिने घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. आम्ही सगळ्याजणी गप्प झालो.

तिसरं, माणसांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. सासूबाई घरात पुस्तकासारखं बोलत नाहीत. लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य तोडा.

आता आमची चूक सांगतो. एकीने जावेच्या घरातलं भांडण फक्त नाव बदलून लिहिलं. सगळ्यांनी ओळखलं आणि ते जावेच्या कानावर गेलं. दोघींचं बोलणं बंद झालं, जाऊबाईंनी गटात येणंही सोडलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: गाव, वय, धंदा, मुलंबाळं, सगळं बदलायचं. दोन-तीन बायकांची मिळून एक बाई करायची. आणि जिचा राग येतो, तिची बाजूही लिहायची. त्या मैत्रिणीने तीच कथा तशी पुन्हा लिहिली, तेव्हा ती जास्त खरी वाटली. जाऊबाई मात्र अजून आलेल्या नाहीत.

"लोक काय म्हणतील" ही भीती जुनीच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातलं उघड लिहिल्यामुळे मोठा गदारोळ झाला. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव घ्यायला लाजू नका.

कथा पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, स्वच्छ अक्षरात लिहा. नाव, पत्ता, फोन घाला. झेरॉक्स जवळ ठेवा. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. दिवाळी अंकांची तयारी दिवाळीच्या कितीतरी महिने आधी सुरू होते, तेव्हा गणपतीची वाट बघत बसू नका. छापण्यासाठी कुणी पैसे मागितले तर लगेच देऊ नका, आधी गटात विचारा. कथा परत आली तर पुन्हा वाचा, सुधारा, दुसरीकडे पाठवा.

आपण बचत दर महिन्याला थोडी थोडीच करतो ना? तसंच रात्री भांडी आवरली की अर्धं पान. आजच सुरुवात करा.