मोटारीच्या पायाखालची जमीन

गाडी ठेवण्यास जागा असल्याचा दाखला हजर केल्यावाचून नव्या वाहनाची नोंदणी होणार नाही, असे सूतोवाच परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ च्या मे महिन्यात केले तेव्हापासून माझ्या परिचयातील दोघा बंगलेवाल्यांनी, ज्या गॅरेजांत आजवर मोडके पाळणे, पाटावरवंटे आणि गणपतीच्या मखराचे सांगाडे यांचा कायम मुक्काम होता, ती रिकामी करावयास घेतली आहेत. फर्मानाचा अंमल होईल तेव्हा होईल. परंतु सामान हलले की खालची जमीन दिसते, आणि ती दिसली की फरशी कोणती घालावी हा मामला उपस्थित होतो.

दुकानदार या प्रश्नाचे उत्तर रंगांच्या तक्त्यावर देतो. आमच्या आळीतील एका वृद्ध गवंड्याने मात्र मजजवळ उलट तपासणीच आरंभिली : ‘साहेब, आधी खाली काय भरलंय ते सांगा, वरचं मग बघू.’ त्याचे म्हणणे हिशेबाने पाहता खरे ठरते. एक टनाच्या मोटारीचे प्रत्येक चाक सुमारे पाव टन भार वाहते, आणि तो जमिनीस जेथे टेकतो ती जागा पोस्टकार्डापेक्षा मोठी नसते. फरशीखाली कोठे पोकळी राहिली असेल, तर ती कितीही किमती असो, तडकणारच. त्यातून पुणे-सोलापूरकडील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती उपसून, मुरूम भरून, धुम्मस मारून, वर दगडाचे सोलिंग व काँक्रीट घालण्याची तजवीज ज्याने केली नाही, त्याने टाइल्सच्या दुकानाची पायरी चढूच नये.

सांप्रत आरशासारख्या चकाकणाऱ्या इपॉक्सीची मोठी चलती आहे. मीही तिला भुललो, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्याच वैशाखात, जेथे चाके विसावत तेथे नेमके चार पोपडे निघाले. तापलेल्या टायरमधील तैलद्रव्ये लेपास मऊ करतात आणि टायर थंड होताना त्यास धरून ओढतो. शिवाय खालून ओल येत असेल तर लेपाची पकड मुळातच कच्ची असते. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटवून सोळा तासांनी उचलावा, आणि खाली दव दिसले तर इपॉक्सीचा विचार सोडावा, ही बिनखर्चाची परीक्षा मला ठेकेदाराने सांगितली नाही; पैसे मात्र आगाऊ घेतले.

शहाबादी फरशीविषयी माझा पक्षपात मी लपवीत नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या नावाने ओळखला जाणारा हा चुनखडीचा दगड खडबडीत ठेवला तर ओल्या टायरलाही धरतो, आणि एखादी फरशी फुटल्यास तेवढीच बदलता येते. उणीव एवढीच, की बॅटरीतील आम्ल किंवा न्हाणीघर धुण्याचे ॲसिड सांडले तर चुनखडी तत्काळ फसफसून खरवडली जाते. शहाबादी नको असेल त्याने चेकर्ड टाइल्स घ्याव्यात. आणि दोन्ही नको असतील त्याने साधा कोबा करून घ्यावा. मात्र नीरू घोटून गुळगुळीत न करता वर झाडूचे ओरखडे उमटवावेत, आकसण्याच्या भेगांसाठी आधीच खाचा सोडाव्यात, आणि पाणी मारण्यात कंजुषी करू नये.

राहता राहिला ढाळ. पावसाळ्यात मोटार आपल्याबरोबर बादलीभर पाणी घरात आणते. अठरा फुटांस दोन इंच उतार दाराकडे असल्यास ते आपोआप निघून जाते. परवा एका परिचिताच्या नव्या, निळसर टाइल्सवर त्या गवंड्याने काही न बोलता तांब्याभर पाणी ओतले. ते सावकाश मागच्या भिंतीकडे गेले आणि विजेच्या मीटरखाली साचून राहिले. म्हाताऱ्याने कानावरची पेन्सिल काढून फरशीवर रेघ ओढली आणि म्हणाला, ‘इथपासून उखडा.’