गेलेला स्नायू परत येतो का?

मशीनमध्ये हात सापडतो, ट्रकखाली मांडी चिरडते. हाड जुळते, जखम सुकते, पण तिथे खळगा राहतो आणि पाय उचलत नाही. मग घरचे विचारतात, गेलेलं मांस भरून येईल का?

थोडे गेले असेल तर येते. स्नायूच्या तंतूंना चिकटून राखीव पेशी असतात. १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांनी त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. मार बसला की त्या जाग्या होतात आणि नवे तंतू तयार करतात. म्हणूनच ताणलेली पोटरी काही आठवड्यांत बरी होते. पण स्नायूचा मोठा भागच गेला, तर या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारी जाळी दोन्ही जातात. शरीर तिथे वण भरते. वणाला जोर नसतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात स्टीफन बॅडिलाक यांच्या चमूने ही जाळीच बाहेरून दिली. डुकराच्या मूत्राशयातील पेशी धुऊन काढल्या आणि उरलेली प्रथिनांची जाळी स्नायूत बसवली. २०१४ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. तिघांना चांगला फायदा झाला. २०१६ मध्ये तेरा रुग्णांचा आला. ताकद सरासरी ३७ टक्के वाढली. ही वाढ उरलेल्या ताकदीवरची. म्हणजे दहा किलो उचलणारा पाय सुमारे चौदा उचलू लागला, पूर्वीसारखा झाला नाही. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेआधी रुग्णांकडून भरपूर व्यायाम करून घेतला आणि नंतर एक-दोन दिवसांतच तो पुन्हा सुरू केला. ताण मिळाला नाही तर नव्या पेशींना कामाची दिशा मिळत नाही.

हा अजून नेहमीचा उपचार नाही. आज हाताशी आहे ते म्हणजे प्लास्टिक सर्जनकडून दुसरीकडचा स्नायू आणून बसवणे, आणि फिजिओथेरपी.

'स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, मांस भरेल' असे सांगून कोणी लाखभर मागत असेल तर दागिने गहाण टाकू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यापेक्षा घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर फिजिओथेरपी लिहिली आहे का, ते पाहा. नसेल तर डॉक्टरांना तिथेच विचारा.