मोरचुदानं शेवाळ का हटत नाही

उन्हाचा चटका वाढला की इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या शेततळ्यांचं पाणी हिरवं पडू लागतं. आधी कडेच्या प्लॅस्टिक कागदाला केसासारखं लांब शेवाळ धरतं. मग त्याच्या गाद्या सुटून पाण्यावर तरंगतात, सँड फिल्टर वरचेवर तुंबतो आणि डाळिंबाच्या ओळीतले शेवटचे ड्रिपर गळायचे थांबतात. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी तो द्राक्षबागायतदाराच्या घरात असतोच. कापडाच्या पुरचुंडीत बांधून तळ्यात फिरवला की काही दिवसांत पाणी निवळतं. पुढे शेवाळ पुन्हा हजर होतं, मोरचुदाची मात्रा वाढते आणि हे चक्र पावसाळ्यापर्यंत चालतं. यात निदानच चुकलेलं आहे. शेवाळ म्हणजे पाण्यात साठलेल्या खतावर आलेलं पीक. ते जागेवरच मारून कुजू दिलं तर खत तिथंच राहतं आणि पुढच्या पिकाला मिळतं.

हा हिशेब मांडता येतो. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळाच्या शरीरात वजनानं १ भाग स्फुरदामागे साधारण ७ भाग नत्र आणि ४० भाग कर्ब असतो. कर्ब हवेतून मिळतो. नत्र पाण्यात कमी पडलं तरी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती ते हवेतून घेतात. स्फुरद मात्र हवेत नाही, तो कुठून तरी वाहतच यावा लागतो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात मूळ स्फुरद सुमारे १० किलो भरतो. वरच्या प्रमाणानं तेवढ्यावर ४०० किलो कर्बाचं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली एका तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र सोडलं, दुसऱ्यात त्याच दोन्हींबरोबर स्फुरदही. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. त्याचं वरून घेतलेलं छायाचित्र जलशास्त्राच्या पुस्तकांत आजही छापलं जातं.

आता मोरचूद काय करतो ते पाहू. आपल्याकडचं पाणी कठीण आणि क्षारयुक्त. त्यात मोरचुदातलं तांबं फार काळ विरघळलेलं राहत नाही, तळाच्या गाळात जाऊन बसतं. त्यामुळे परिणाम थोडे दिवस टिकतो आणि गाळातलं तांबं दरवर्षी वाढत जातं. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. आधीच दाट हिरव्या तळ्यात रात्री शेवाळाचा श्वसनखर्च चालू असल्यानं पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. म्हणून उजाडताना मासे वर येऊन तोंडं वासतात. अशा वेळी एका झटक्यात सगळं शेवाळ मारलं तर सकाळी माशांचाच खच दिसायचा. निळ्या-हिरव्या शेवाळाची आणखी एक खोड आहे. त्याच्या काही जातींत यकृताला बाधणारं मायक्रोसिस्टिन नावाचं विष असतं. पेशी फुटली की ते पाण्यात उतरतं आणि उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. जनावरं पितात त्या तळ्यात तर हा प्रयोग नकोच.

मत्स्यपालक म्हणतील, हिरवं पाणी हवंच, रोहू-कटला त्यावरच वाढतात. बरोबर आहे. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा पुसट दिसतो तोवर पाणी ठीक. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेणखत, कोंबडखत आणि कोंड्या-पेंडीचा मारा थांबवायला हवा. बागायतदाराची हरकत वेगळी आणि रास्त आहे: ठिबक आज तुंबलंय, स्फुरदाचा हिशेब घेऊन काय करू? त्याच्यासाठी तातडीचे उपाय आहेत, पण ते तळ्याबाहेरचे. क्लोरीन ठिबकच्या नळीत द्यावा, तळ्यात नाही. फूटव्हॉल्व्ह तळाला न टाकता तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या थोडा खाली ठेवावा, म्हणजे वरची गादीही येत नाही आणि खालचा गाळही. शेडनेट टाकलं तर ऊन आणि बाष्पीभवन दोन्ही घटतं. गवत्या मासा तंतूसारखं शेवाळ खातो, पण खाल्लेल्यातला बराच स्फुरद विष्ठेतून परत देतो. तो मदतनीस आहे, इलाज नाही. खरा इलाज म्हणजे शेवाळ दाताळ्यानं ओढून बाहेर काढणं आणि बांधाच्या पलीकडे, निचरा परत तळ्यात येणार नाही अशा जागी, कंपोस्टला घालणं. घरातल्या काचपेटीत समुद्री प्रवाळ पाळणारे हौशी लोक हेच करतात. खडकांवर शेवाळ माजलं की जाणता माणूस बाटलीतलं औषध ओतत नाही. पाण्यातला फॉस्फेट मोजतो, खाद्य कमी करतो आणि शेजारच्या टाकीत मुद्दाम दुसरं शेवाळ वाढवून ते वेळोवेळी कापून फेकतो.

शेततळं आपल्या हातात आहे, उजनी धरण नाही, ही सर्वांत मोठी हरकत. इंदापुरातली कित्येक तळी उजनीच्या फुगवट्यातून उपसलेल्या पाण्यानं भरतात आणि त्या पाण्यात पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून आलेलं असतं. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ मृत साठा; २०२४ च्या उन्हाळ्यासारखं धरण उणेत खोल गेलं की तीच घाण थोड्या पाण्यात दाटते. ऊसपट्ट्यातून वाहून येणारं खतही त्यात आहे, हे आपणही कबूल करायला हवं. पण शहरी सांडपाण्याबाबत एक गैरसमज पक्का आहे: शुद्धीकरण झालं म्हणजे पाणी निर्धोक. नेहमीची प्रक्रिया मुख्यतः कुजणारी घाण कमी करते. स्फुरद काढायला वेगळा टप्पा लागतो, एक तर खास जिवाणूंचा, नाही तर तुरटीसारख्या क्षारांचा. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात पडणारं सांडपाणी १९६३ ते १९६८ दरम्यान दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत तिथलं निळं-हिरवं शेवाळ ओसरलं. ते सरोवर खोल आहे. उजनी उथळ, आणि तिच्या गाळात मुरलेला स्फुरद प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो, म्हणून इथे वेळ जास्त लागेल. तरी आवक चालू ठेवून गाळाला दोष देण्यात अर्थ नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक मैलापाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला स्फुरद दर महिन्याला मोजून जाहीर करा, अशी मागणी इंदापूर, दौंड आणि करमाळ्याच्या ग्रामसभांनी ठराव करून महापालिकांकडे पाठवावी.