प्रतिष्ठेची वस्तू आणि तिची नक्कल : पैठणीच्या आधारे एक विवेचन

किंमत वाढली की मागणी घटते, हा सर्वपरिचित नियम होय. तथापि काही वस्तूंच्या बाबतीत किंमत हेच आकर्षणाचे कारण असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली अशा खरेदीस प्रदर्शनार्थ उपभोग म्हटले. वस्तूचा उपयोग गौण, ती आपणांस परवडते हे इतरांस दिसणे प्रधान. १९५० साली हार्वे लायबेन्स्टाइन यांनी या हेतूंची अधिक नेमकी फोड केली : इतर घेतात म्हणून घेणे, इतर घेतात म्हणून टाळणे आणि महाग आहे म्हणून घेणे. तिन्हींतील समान सूत्र असे की, वस्तूचे मोल काही अंशी पाहणाऱ्याच्या नजरेत ठरते. हे मान्य केले की नकली वस्तूचा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही. पैठणीच्या उदाहरणावरून तो तपासता येईल.

येवल्याच्या वा पैठणच्या हातमागावर पदरातील मोर, मुनिया किंवा आसवली ही नक्षी रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या हाताने फिरवून, धाग्यात धागा अडकवीत विणली जाते. त्यामुळे पदराची उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ दिसते. भरगच्च पदराच्या एका पैठणीस कित्येक महिने लागतात. यंत्रमागावरील नकलेत नक्षीचे धागे मागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले आढळतात. दुरून मात्र हा भेद सहसा कळत नाही.

नकलेची विक्री दोन प्रकारे होते. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारली, तर ती उघड फसवणूक. परंतु ‘सेमी पैठणी’ या नावाने तशीच साडी अल्प किमतीस मिळते आणि घेणारी ते जाणूनच घेते. जीन ग्रॉसमन व कार्ल शपिरो यांनी १९८८ साली प्रतिष्ठेच्या वस्तूंच्या अशा जाणत्या खरेदीचे विश्लेषण केले. त्यांच्या मते असा ग्राहक दर्जा आणि प्रतिष्ठा यांची सांगड सोडवितो व प्रतिष्ठा तेवढी स्वस्तात मिळवितो. त्याचा लाभ खरा असतो. परंतु नकला वाढल्या की अस्सल वस्तू बाळगणाऱ्यांची प्रतिष्ठा उणावते. येथे दुकानात कोणी फसत नाही. फसलेच तर लग्नमंडपातील पाहणारे फसतात.

या विवेचनास दोन पुरवण्या जोडणे आवश्यक वाटते. पहिली अशी की, पैठणी केवळ मिरविण्यासाठी घेतली जात नाही. ती जपली जाते, आईकडून मुलीकडे जाते. हा हेतू जेथे प्रबळ, तेथे दर्जाचीच पारख होते आणि नकलेचे फारसे चालत नाही. दुसरी अशी की, नकलेचा भार विणकरावर सर्वांत अधिक पडतो. मोठी घड्याळकंपनी जाहिरात आणि खटले यांच्या बळावर आपले नाव राखते. घरच्या मागावर बसणाऱ्या विणकरास ती साधने नाहीत.

भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली २०१० साली पैठणीची नोंदणी झाली. हा कायदा नावाचा गैरवापर रोखू शकतो. जाणूनबुजून घेतलेल्या नकलेपुढे त्याचे हात तोकडे पडतात. तेथे समाजाची पारखच कामी येते. पाहणाऱ्यास अस्सल ओळखता येऊ लागले की नकलेची उसनी प्रतिष्ठा ओसरते. म्हणूनच पदर उलटून पाहण्याची सवय ग्राहकाच्या पैशाइतकेच विणकराच्या मजुरीचेही रक्षण करते.