परवाना देणारा तोतया सर्व्हर

एखाद्या संकेतस्थळावर ‘गूगल खात्याने लॉगिन करा’ हे बटण दाबून आपण क्षणभर दुसऱ्याच पानावर जातो, तेथे पासवर्ड व अनुमती देतो आणि पुन्हा मूळ पानावर परततो. त्या अल्प अवधीत पडद्याआड जी देवघेव घडते, तिचे नियम ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘आरएफसी ६७४९’ या दस्तऐवजाने, म्हणजे ओऑथ २.० ने, घालून दिले. आपला पासवर्ड मूळ संस्थेवाचून कोणालाही कळू नये, आणि तिसऱ्या पक्षाच्या हाती पडावा तो केवळ मुदतबंद व मर्यादित अधिकाराचा परवाना, अर्थात टोकन, हे त्यामागील तत्त्व होय. हा परवाना देणारे जे दफ्तर, तो ऑथरायझेशन सर्व्हर.

असे लॉगिन आपल्या प्रणालीत बसविणाऱ्या प्रोग्रामरने चाचणीसाठीही खऱ्याच सर्व्हरवर विसंबायचे म्हटले, तर इंटरनेट हवे, रीतसर नोंदणी हवी, चाचणीपुरती खाती हवीत. आणि इतका बंदोबस्त करूनही मोबाइलवरील ओटीपीची मागणी आली की स्वयंचलित चाचणी तेथेच अडते. परंतु याहून मोठी अडचण अशी की, खरा सर्व्हर आपण म्हणू तेव्हा चुकत नाही. मुदत टळलेले किंवा भलत्याच्याच नावे काढलेले टोकन समोर आले असता आपली प्रणाली ते नाकारते की नाही, हे पाहण्यासाठी तसे टोकन मुद्दाम बनवून देणारा एक तोतया सर्व्हर आपल्याच संगणकावर उभा करणे हाच खरा उपाय आहे.

त्याची बांधणी अवघड नाही; त्याला तीन पत्ते पुरतात. पहिल्या पत्त्यावर ब्राउझर येतो. सोबत क्लायंटचे, म्हणजे लॉगिन मागणाऱ्या आपल्या प्रणालीचे, नाव, परतीचा पत्ता, ‘स्टेट’ नावाची यादृच्छिक खूण आणि ‘कोड चॅलेंज’ असते. येथे पासवर्ड मागण्याचे प्रयोजन नाही. ‘ग्राहक’, ‘व्यवस्थापक’ अशी दोन-तीन काल्पनिक नावे बटणांच्या रूपाने दाखवावीत, आणि त्यांपैकी एक दाबताच एक कोड निर्माण करून, स्टेटची खूण जशीच्या तशी जोडून, ब्राउझरला परतीच्या पत्त्यावर धाडावे. दुसऱ्या पत्त्यावर तो कोड घेऊन क्लायंट स्वतः येतो व ज्यापासून चॅलेंज बनले ते मूळ गुपित, म्हणजे ‘कोड व्हेरिफायर’, सादर करतो. २०१५ मध्ये रूढ झालेल्या पीकेसीई पद्धतीनुसार त्या व्हेरिफायरचा एसएचए-२५६ हॅश काढून पूर्वीच्या चॅलेंजशी ताडून पाहावा, आणि मेळ बसला तरच टोकन द्यावे. टोकनवर सही करण्याची खाजगी किल्ली सर्व्हर सुरू होताना नव्याने निर्माण करावी व तिची सार्वजनिक जोड तिसऱ्या पत्त्यावर प्रसिद्ध करावी, म्हणजे जतन करण्याजोगे गुपितच मागे उरत नाही.

अशा सर्व्हरविषयी एक आग्रह धरावासा वाटतो. पुष्कळ ठिकाणी तो इतका मवाळ लिहिला जातो की, आलेल्या प्रत्येक अर्जास तो बिनदिक्कत होकार देतो. त्यामुळे चाचण्या हिरव्या दिसतात, पण सिद्ध काहीच होत नाही. तालमीतला जोडीदार खरे डाव टाकीत नसेल, तर मल्ल फडात टिकत नाही. पासवर्डाच्या बाबतीत तोतयाने खुशाल सूट द्यावी. परतीचा पत्ता मात्र नोंदीतील पत्त्याशी अक्षरशः जुळलाच पाहिजे, कोडची मुदत दहा मिनिटांच्या आतच असली पाहिजे, आणि तोच कोड दुसऱ्यांदा आल्यास ४०० या क्रमांकाचा नकार व ‘इन्व्हॅलिड ग्रँट’ हा शेरा मिळालाच पाहिजे.

त्यापुढे जाऊन त्याला जाणूनबुजून कसूर करता आली पाहिजे. टोकनच्या ‘एक्स्प’ या रकान्यात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मुदत लिहिलेली असते. ती तासभर मागची घालावी. टोकन कोणासाठी हे सांगणाऱ्या ‘ऑड’ या रकान्यात दुसऱ्याच प्रणालीचे नाव लिहावे. जाहीर न केलेल्या किल्लीने सही करावी. सहीची पद्धत म्हणून नुसते ‘नन’ लिहून सहीविनाच टोकन द्यावे. २०१५ मध्ये अनेक लायब्ऱ्या असे टोकन बिनतक्रार स्वीकारतात हे उघडकीस आले होते, तेव्हा ही शंका काल्पनिक नव्हे. वापरकर्त्याने अनुमतीच नाकारली, हा प्रसंगही घडवून पाहावा, कारण आपल्या प्रोग्राममधील ती वाट बहुधा कोणी तपासलेलीच नसते.

ज्यांना स्वतः लिहिण्यास सवड नाही, त्यांच्यासाठी नॉर्वेच्या श्रम व कल्याण प्रशासनाने आपल्या गरजेतून घडविलेला असाच एक मॉक सर्व्हर मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध आहे. तथापि एकदा स्वहस्ते लिहून पाहिल्याने ओऑथची जी समज येते, ती तयार साधनाने येत नाही.

तोतया सर्व्हर १२७.०.०.१ या आपल्याच संगणकाच्या पत्त्यावर बांधून ठेवावा, म्हणजे बाहेरून त्याच्यापर्यंत कोणी पोचणार नाही. आणि ज्यांच्या हाती चालू प्रणाली आहे, त्यांनी तिने कोणकोणते इश्यूअर, म्हणजे टोकन देणारे सर्व्हर, मान्य केले आहेत ती यादी आजच उघडून पाहावी. तीत लोकलहोस्ट, म्हणजे तोतयाचा हाच स्थानिक पत्ता, आढळल्यास ते तत्काळ काढून टाकावे.